अर्ध्या तासाला एक सेकंद कमी: छोट्या कॅमेऱ्यांतील चित्रीकरणाची कालमर्यादा

कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्यात व्हिडिओचे बटण दाबल्यावर चित्रीकरण सलग किती वेळ चालेल, याला बहुधा वरची मर्यादा घातलेली असते. कार्डात जागा आणि बॅटरीत चार्ज शिल्लक असला तरी ठरलेली वेळ भरताच कॅमेरा आपणहून थांबतो. २००८ नंतरच्या दहा-बारा वर्षांत बाजारात आलेल्या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिका चाळल्या, तर त्यांत एकच आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: २९ मिनिटे ५९ सेकंद. कार्ड भरणे, बॅटरी उतरणे किंवा यंत्र तापणे यांपैकी काहीही इतक्या नेमक्या क्षणी घडत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या आकारांच्या यंत्रांत तर ते एकाच क्षणी घडणे अशक्यच. हा आकडा आला तो सीमाशुल्काच्या कोष्टकातून.

सगळ्याच मर्यादा मात्र तिथून आलेल्या नाहीत. सलग चित्रीकरणाला खीळ घालणारी कारणे तीन आहेत: फाइल साठवण्याच्या पद्धतीचे बंधन, उष्णतेचे बंधन आणि कराच्या नियमाचे बंधन. पहिले तंत्र सुधारले तसे सुटले. दुसरे पदार्थविज्ञानाचे असल्याने टिकून आहे. तिसऱ्याचा यंत्राच्या प्रकृतीशी काही संबंध नव्हता, तरी ते वर्षानुवर्षे यंत्राचाच गुणधर्म म्हणून वावरले. कॅमेरा वापरणाऱ्याला ही तिन्ही एकाच रूपात दिसतात, थांबलेल्या चित्रीकरणाच्या. त्यामुळे एकाचे दूषण दुसऱ्याच्या माथी मारणे सोपे जाते. म्हणूनच ती एकेक करून तपासावी लागतात.

फाइलचे बंधन सर्वांत जुने आणि समजायला सर्वांत सोपे. मेमरी कार्डावर फायलींची नोंद ठेवण्यासाठी दीर्घकाळ फॅट-३२ ही पद्धत वापरली गेली. तिच्यात एका फाइलचा आकार ३२ बिटांच्या आकड्यात लिहिला जातो, त्यामुळे एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा, म्हणजे सुमारे ४ जीबीपेक्षा, मोठी होऊ शकत नाही. ही जागा किती वेळात भरेल, हे सेकंदाला किती माहिती लिहिली जाते यावर अवलंबून असते. सेकंदाला १७ मेगाबिट या वेगाने चित्रीकरण केले, तर ४ जीबी भरायला साडेतेहतीस मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. २८ मेगाबिटला तो साडेवीस मिनिटांच्या आत येतो, आणि फोर-के चित्रीकरणात सर्रास आढळणाऱ्या १०० मेगाबिटला तर पावणेसहा मिनिटांतच फाइल भरते. २००८ साली आलेल्या कॅनन ५डी मार्क-२ या मोठ्या कॅमेऱ्यात पूर्ण एचडी चित्रीकरण सुमारे १२ मिनिटांत थांबत असे, ते याच कारणाने.

या बंधनावर दोन उतारे होते. एक म्हणजे फाइल भरत आली की न थांबता पुढची फाइल उघडायची. कॅमकॉर्डरमध्ये वापरल्या जाणाऱ्या एव्हीसीएचडी पद्धतीत हे पूर्वीपासून होत होते, पुढे इतर कॅमेऱ्यांनीही ते स्वीकारले. दुसरा उतारा म्हणजे नोंदीची पद्धतच बदलायची. २००९ साली जाहीर झालेल्या एसडीएक्ससी कार्डांत एक्सफॅट ही पद्धत आली आणि ४ जीबीची भिंत व्यवहारापुरती उरली नाही. म्हणजे २०१० नंतरच्या कॅमेऱ्यात अर्ध्या तासाच्या मर्यादेचे खापर फाइलवर फोडता येत नाही. शिवाय फाइलमुळे येणारी मर्यादा चित्राच्या दर्जाप्रमाणे कमी-जास्त होते. एकाच कॅमेऱ्यात हलक्या आणि भारी, दोन्ही दर्जांना २९ मिनिटे ५९ सेकंदच मिळत असतील, तर कारण दुसरीकडे शोधायला हवे.

उष्णतेचे बंधन अधिक गंभीर आहे, आणि छोट्या कॅमेऱ्याला ते विशेष जाचते. छायाचित्र काढताना सेन्सर क्षणभर काम करतो. व्हिडिओत तो सेकंदाला २५, ३० किंवा ६० वेळा वाचला जातो, आणि प्रत्येक चित्र प्रोसेसरला तिथल्या तिथे आकुंचित करून कार्डावर लिहावे लागते. पूर्ण एचडीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, फोर-केच्या फ्रेममध्ये सुमारे ८२.९ लाख. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर दर सेकंदाला जवळजवळ २५ कोटी बिंदूंचा हिशेब करावा लागतो. या कामाची उष्णता बाहेर टाकायला कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याकडे पृष्ठभाग असतो तळहाताएवढा. आत पंखा नसतो, आणि लेन्स, पडदा, बॅटरी, सेन्सर सगळे एकमेकांना खेटून बसवलेले असते. तापलेल्या सेन्सरमुळे चित्रात दाणे वाढतात, प्रोसेसरवर ताण येतो, आणि हातात धरलेले यंत्र चटका बसेल इतके तापू न देण्याची जबाबदारीही उत्पादकाची असते.

या कारणाने घातलेल्या मर्यादा अर्ध्या तासापेक्षा बऱ्याच कमी असतात. २०१४ च्या पॅनासॉनिक एलएक्स-१०० मध्ये फोर-के चित्रीकरण १५ मिनिटे चाले. २०१५ च्या सोनी आरएक्स-१०० मार्क-४ मध्ये ते ५ मिनिटांवर थांबे. २०१९ च्या कॅनन जी-७ एक्स मार्क-३ मध्ये फोर-केला ९ मिनिटे ५९ सेकंद, तर पूर्ण एचडीला २९ मिनिटे ५९ सेकंद मिळतात. एकाच यंत्रातले हे दोन आकडे शेजारी ठेवले, की दोन वेगळी कारणे शेजारी बसलेली दिसतात.

उष्णतेच्या नावाने घातलेली वेळेची मर्यादा हीसुद्धा एक तडजोडच असते. यंत्र किती वेळात तापेल हे बाहेरच्या हवेवर ठरते. बहुतेक उत्पादक कॅमेरा शून्य ते ४० अंश सेल्सिअस या टप्प्यात वापरावा असे सांगतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणजे तिथे उन्हात उभा असलेला कॅमेरा बटण दाबण्याआधीच ती रेषा ओलांडून बसलेला असतो. महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटे हेच यंत्र कितीतरी वेळ थंड राहील. दोन्ही ठिकाणी ५ मिनिटांचे एकच घड्याळ लावणे म्हणजे सर्वांत वाईट परिस्थितीचा अंदाज सगळ्यांवर लादणे. याला पर्याय आहे तो तापमान मोजून थांबण्याचा. २०१९ च्या आरएक्स-१०० मार्क-७ मध्ये आपोआप बंद होण्याचे तापमान ‘सामान्य’ किंवा ‘उच्च’ असे निवडता येते, आणि ‘उच्च’ निवडल्यावर ५ मिनिटांचा अडसर दूर होऊन यंत्र खरोखर तापेपर्यंत चित्रीकरण चालते. दुसरा पर्याय थेट उष्णता बाहेर काढण्याचा. २०२५ च्या कॅनन पॉवरशॉट व्ही-१ या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात त्यासाठी पंखाच बसवला आहे. अशा उपायांनी उष्णतेची मर्यादा पुढे सरकते, नाहीशी होत नाही, आणि तसा दावाही कोणी करत नाही.

राहिले कराचे बंधन. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारान्वये जागतिक व्यापार संघटनेच्या अनेक सदस्य देशांनी संगणक, दूरसंचार उपकरणे आणि त्यांसारख्या वस्तूंवरील आयातशुल्क शून्यावर आणण्याचे मान्य केले. स्थिरचित्रांचे डिजिटल कॅमेरे त्या यादीत होते. व्हिडिओ कॅमेरे, म्हणजे बोलीभाषेतले कॅमकॉर्डर, नव्हते. युरोपीय संघात कॅमकॉर्डरवर ४.९ टक्के शुल्क होते, आणि बाहेरच्या स्रोतातूनही चित्र नोंदवू शकणाऱ्या प्रकारांवर १४ टक्के. जोपर्यंत फोटोचा कॅमेरा फोटो काढत होता आणि व्हिडिओचा व्हिडिओ, तोपर्यंत ही विभागणी निभावून गेली. छोट्या कॅमेऱ्यांत बऱ्यापैकी व्हिडिओ येऊ लागला, तेव्हा कस्टम्सच्या अधिकाऱ्यापुढे प्रश्न उभा राहिला: समोरची वस्तू कोणत्या रकान्यात टाकायची?

युरोपीय संघाने वर्गीकरणाच्या स्पष्टीकरणात त्यावर मोजता येईल अशी कसोटी दिली. जास्तीत जास्त साठवण वापरून, ८०० गुणिले ६०० बिंदू किंवा त्याहून सरस दर्जाचे, सेकंदाला किमान २३ फ्रेमचे चित्रीकरण एका सलग प्रवाहात किमान ३० मिनिटे करू न शकणारा कॅमेरा स्थिरचित्रांचा. या तिन्ही अटी एकदम पुऱ्या करणारा कॅमेरा व्हिडिओचा. नियमाची ही रचनाच पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे. उत्पादकाला शून्य शुल्काच्या रकान्यात राहण्यासाठी तिन्हींपैकी कोणतीही एक अट चुकवली तरी पुरे होते. चित्राचा दर्जा ८०० गुणिले ६०० च्या खाली ठेवणे म्हणजे विक्रीचे मुख्य आकर्षणच घालवणे. फ्रेम २३ च्या खाली आणल्या तर चित्र अडखळत चालते. राहिली वेळ. सामान्य ग्राहक दुकानात उभा राहून कॅमेरा अर्धा तास चालवून पाहत नाही. वाढदिवसाचा केक कापण्याला आणि लेकराच्या पहिल्या पावलांना दोन-चार मिनिटे पुरतात. त्यामुळे वेळेवर कात्री चालवणे सर्वांत स्वस्त पडले. कार्डांची क्षमता दरवर्षी वाढत असल्याने साठवणीवर भिस्त ठेवणेही धोक्याचे होते. आज न बसणारी ३० मिनिटे पुढच्या वर्षीच्या कार्डात बसली असती. मग खात्रीचा मार्ग एकच उरला: आतल्या सॉफ्टवेअरमध्येच घड्याळ बसवायचे आणि तिसावे मिनिट भरू द्यायचे नाही.

ही मर्यादा यंत्राच्या मगदुरामुळे पडलेली नव्हती, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत मिळतो. पॅनासॉनिकच्या २०१० च्या जीएच-२ या कॅमेऱ्याची युरोपात विकली जाणारी आवृत्ती २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबत असे. अन्यत्र विकली जाणारी आवृत्ती कार्ड भरेपर्यंत चाले. सेन्सर तोच, प्रोसेसर तोच, बॅटरी आणि बाहेरचे कवचही तेच. युरोपातली हवा जपान किंवा अमेरिकेपेक्षा इतकी उष्ण नाही, की यंत्र तिथेच लवकर थांबवावे लागावे. दुसरा पुरावा हौशी प्रोग्रामरांनी पुरवला. त्यांनी कॅमेऱ्याच्या फर्मवेअरमध्ये बदल करून घड्याळ काढून टाकले. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत तर ओपनमेमरीज-ट्वीक नावाच्या मोफत साधनाने ही मर्यादा उठवता येई. सुटा भाग न बदलता, पेचकस न लावता जी मर्यादा उठते, ती यंत्राच्या ताकदीची मर्यादा म्हणवत नाही.

पॅनासॉनिकने बाजारानुसार आवृत्त्या वेगळ्या ठेवल्या. कॅनन, निकॉन आणि सोनी यांनी बहुतांशी जगभर एकच मर्यादा लावली. त्यात व्यवहाराचे गणित होते: एकच फर्मवेअर, एकच माहितीपुस्तिका, आणि एका बाजारातला माल दुसऱ्या बाजारात गेला तरी कराची भानगड नाही. परिणाम असा, की ब्रसेल्समध्ये ठरलेल्या दराचा भुर्दंड चुकवण्यासाठी बसवलेले घड्याळ पुण्या-मुंबईच्या सभागृहांतही तंतोतंत चालू लागले. विलंबित ख्याल आणि त्यानंतरचा द्रुत मिळून एका रागाची मांडणी अर्ध्या तासात आटोपतेच असे नाही. मराठी नाटकाचा अंक त्याहून लांब असतो, कीर्तन तर तासांच्या हिशेबाने चालते. रंगमंचासमोर स्टँडवर कॅमेरा लावून माणूस मागे खुर्चीत बसला, तर पडद्यावरचा लाल ठिपका केव्हा विझला हे त्याला कळत नाही. कळते ते घरी गेल्यावर, जेव्हा समेच्या ऐन तोंडावर चित्र संपलेले दिसते. म्हणून कार्यक्रमांचे चित्रीकरण करणारे मनगटी घड्याळ समोर ठेवत, टाळ्यांच्या आवाजात कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करत, किंवा दोन कॅमेरे पुढेमागे चालवून एकाची खोट दुसऱ्याने भरून काढत.

भारताचा या नियमाशी संबंध केवळ आयात केलेल्या घड्याळापुरता नाही. १७ मार्च २०१२ च्या अधिसूचनेने भारत सरकारनेही सवलतीस पात्र कॅमेऱ्याची व्याख्या करताना ८०० गुणिले ६०० बिंदू, २३ फ्रेम आणि ३० मिनिटे हीच त्रिसूत्री वापरली. त्यानंतर लगेच आयात झालेल्या कॅमेऱ्यांना दिलेली शुल्कमाफी चुकीची होती, असा आक्षेप महसूल गुप्तचर संचालनालयाने २०१४ मध्ये नोटीस काढून घेतला, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ‘कॅनन इंडिया विरुद्ध सीमाशुल्क आयुक्त’ हा ९ मार्च २०२१ चा निकाल कायद्याच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे, पण कॅमेऱ्यामुळे नव्हे. संचालनालयाच्या अधिकाऱ्याला अशी नोटीस काढण्याचा अधिकारच नव्हता, असे न्यायालयाने त्यात म्हटले आणि देशभरातील असंख्य नोटिसांवर प्रश्नचिन्ह लागले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पुनर्विलोकनात न्यायालयाने ती भूमिका फिरवून संचालनालयाचा अधिकार मान्य केला. कॅमेरा अर्धा तास चालतो की नाही, या प्रश्नातून सुरू झालेला वाद बारा वर्षांनी अधिकारक्षेत्राच्या प्रश्नावर येऊन पोहोचला.

युरोपातही कसोटी वाटली तितकी सरळ निघाली नाही. ‘एका सलग प्रवाहात’ म्हणजे काय? कॅमेरा न थांबता चित्रीकरण करतो, पण कार्डावर त्याचे तुकडे पाडून लिहितो, तर तो प्रवाह एक की अनेक? खेळाडूंच्या शिरस्त्राणावर बसवल्या जाणाऱ्या गोप्रो कॅमेऱ्यांच्या वर्गीकरणाचा वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे गेला आणि त्याचा निकाल मार्च २०१७ मध्ये लागला. तोवर असे कॅमेरे घराघरांत पोहोचले होते. वस्तू झपाट्याने बदलत होत्या आणि कायदा त्यांच्या मागून धापा टाकत येत होता.

कराची रेषा पाहून वस्तूचा आकार बदलणे ही गोष्ट कॅमेऱ्यापुरती नाही. फोर्ड कंपनी २००९ पासून तुर्कस्तानात बनलेल्या ट्रान्झिट कनेक्ट गाड्या अमेरिकेत आणताना मागची आसने बसवून आणत असे, कारण प्रवासी गाडीवर २.५ टक्के शुल्क होते आणि मालवाहू गाडीवर २५ टक्के. बंदरात उतरल्यावर ती आसने काढली जात. न्यायालयाने हे मान्य केले नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने ३६.५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. कॅमेऱ्यांचे प्रकरण याहून वेगळे आहे. फोर्डची आसने नावापुरती होती आणि आयातीनंतर निघून जात; कॅमेऱ्याची मर्यादा मात्र खरीखुरी होती आणि ग्राहकाच्या हाती जाईपर्यंत, नंतरही, तशीच राहिली. म्हणून ती कायदेशीर ठरली. आणि म्हणूनच तिचा खर्च सरकारवर किंवा कंपनीवर न पडता वापरणाऱ्यावर पडला.

उत्पादकांच्या बाजूनेही काही बोलता येते. शुल्क भरून मर्यादा उठवली असती तर त्याची किंमत ग्राहकानेच मोजली असती, आणि बहुतेकांना अर्ध्या तासाच्या सलग चित्रीकरणाची गरज नव्हती. ४.९ टक्के वाचवण्यासाठी कधीही न वापरले जाणारे सामर्थ्य सोडून देणे हा तोट्याचा सौदा म्हणता येत नाही. छोट्या बॅटऱ्यांची कुवतही बेताची असते: आरएक्स-१०० मालिकेतल्या बॅटरीत सुमारे ४.५ वॉट-तास ऊर्जा मावते. हे सगळे खरे मानले तरी एक प्रश्न उरतो. निवड ग्राहकाला का दिली नाही? आणि निवड देणे शक्य नव्हते, तर कारण का सांगितले नाही? माहितीपुस्तिकांत आकडा असे, त्यामागचे कारण बहुधा नसे. परिणामी अनेकांनी ही मर्यादा तापण्यामुळे आहे असे मानले आणि स्वस्थ बसले. त्याच कंपन्या कॅमकॉर्डरही विकत होत्या, त्यामुळे दोन मालांतले अंतर टिकवणारी रेषा त्यांनाही अडचणीची वाटत नसावी, असा तर्क करायला जागा आहे.

करच संपला तेव्हा या तर्काची परीक्षा झाली. डिसेंबर २०१५ मध्ये नैरोबीत माहिती तंत्रज्ञान कराराचा विस्तार झाला, २०१ वस्तू त्यात आल्या, आणि युरोपीय संघाने २०१६ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने शुल्क उतरवले. पॅनासॉनिकने २०१७ च्या जीएच-५ मध्येच मर्यादा काढून टाकली होती. सोनीच्या २०१९ च्या ए-६४०० मध्ये ती दिसत नाही. उलट कॅननच्या २०२० च्या ईओएस आर-५ आणि आर-६ मध्ये २९ मिनिटे ५९ सेकंद कायम होते. २०२१ च्या आर-३ मध्ये ते एकदम ६ तासांवर गेले. निकॉनने २०२१ च्या झेड-९ मध्ये १२५ मिनिटे दिली. कर गेल्यानंतरही आकडा काही वर्षे रेंगाळला, तो बहुधा जुन्या सॉफ्टवेअरच्या सवयीने, जुन्या मालातल्या वर्गवारीने आणि बदलण्याची निकड न वाटल्याने. भारत या विस्तारित करारात सामील झाला नाही, हेही इथे नोंदवायला हवे.

मधल्या काळात स्पर्धा दुसरीकडून आली. स्मार्टफोन सीमाशुल्काच्या दृष्टीने टेलिफोन आहे; त्याला ३० मिनिटांची कसोटी कधी लागलीच नाही, आणि तो जागा संपेपर्यंत चित्रीकरण करत राहिला. २०१० मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२० मध्ये ती संख्या सुमारे ९० लाखांवर आली. ही घसरण वेळेच्या मर्यादेने झाली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण खिशातला फोन तासभर विनातक्रार चालत असताना त्याहून महाग कॅमेरा अर्ध्या तासाला थांबतो, हे ग्राहकाला पटवणे दिवसेंदिवस अवघड होत गेले, यात शंका नाही.

या सगळ्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली उत्पादकांसाठी: मर्यादा छापायची तर तिचे कारणही छापावे. अमुक तापमानाला अमुक मिनिटे, अमुक दर्जाला अमुक आकाराची फाइल, चित्रीकरण थांबल्यावर पुन्हा सुरू करता येते की नाही, आणि निव्वळ नियमामुळे घातलेला अडसर असेल तर तो नियम कोणता, एवढे चार ओळींत मावते. दुसरी कायदा करणाऱ्यांसाठी. ‘मुख्य उपयोग’ यासारखी ढोबळ कसोटी वादाला तोंड फोडते, म्हणून मोजता येणारा आकडा हवासा वाटतो. मात्र आकडा जितका नेमका, तितकी त्याच्या अलीकडे एक सेकंद थांबण्याची सोयही नेमकी. या पेचातून सुटायचे तर रेषा अधिक काटेकोर आखून भागत नाही. जवळजवळ सारख्या दोन वस्तूंवरच्या दरांतले अंतर मिटवावे लागते. युरोपात ते मिटले आणि अर्ध्या तासाची मर्यादा नव्या यंत्रांतून हळूहळू गेली. उरली ती उष्णतेची मर्यादा, आणि तिच्यावर तोडगा काढणे हे अभियंत्यांचे काम आहे.